एक ते पाच

केतकी बोरस्ते प्रबंधासाठी प्रश्नावली घेऊन आली,
कॅनडा कॉर्नरला,
आमच्या लॅबच्या मागच्या बाकावर बसली.
एक म्हणजे अजिबात नाही,
पाच म्हणजे खूपच.

दुसऱ्याच्या टॉवेलनं तोंड पुसावं लागलं तर?
पाच.
आमटीत केस?
पाच.
बेसिनच्या जाळीत अडकलेला भात, बोटांनी काढायचा?
केतकी, पाच. पुढे चल.

समोर ट्रेमध्ये सकाळचे नमुने होते,
झाकणांवर नावं, शेख, पिंगळे, अहिरराव,
कुणाची थुंकी, कुणाचं आणखी काय.
त्यांचं मला काहीच वाटत नाही.
नाव चिकटवलं की घाण घाण राहत नाही,
तिचा रिपोर्ट होतो.

मग तिनं पान उलटलं.
ओळख नसलेल्या माणसाबरोबर,
पुन्हा भेटायचं नाही हे आधीच ठरवून...
इथे तिनं आवाज उतरवला,
सेंट्रीफ्यूज घरघरत होतं तरी.
म्हणाली, ताई, साधारण असं दिसतं,
ज्यांना किळस जास्त, ते या वाटेला कमी जातात.
बरोबरच असेल, मी म्हटलं
आणि पेन धरून बसले.

आमच्या घरी उष्टं हा शब्द देवापेक्षा जुना.
तांब्या वरून धरायचा, ओठ लागता कामा नये.
मावशीच्या चहात बुडवलेलं बिस्किट खाल्लं
म्हणून आईनं मला चुळा भरायला लावल्या, तीनदा.
तीच आई रामकुंडावर,
जिथे कुणाच्या अस्थी, कुणाचा साबण,
ओंजळभर पाणी प्यायची, डोळे मिटून.
डोळे मिटले की चालतं,
हे मला तिथेच कळलं असणार.

मुंबई नाक्याजवळच्या लॉजवर पहिल्यांदा गेले
तेव्हा एकतीसची होते.
चादर माझी मी नेलेली, घरून, इस्त्री करून.
नळ दोन मिनिटं सोडून ठेवला,
उशी उलटी केली,
स्लिपर शेवटपर्यंत पायातच.
नाव मी विचारलं नाही,
त्यानं आपणहून खोटं सांगितलं.
आणि नंतर
त्याच्या मानेवरचा घाम जिभेला लागला,
खारट, सातपूरच्या बसमधून आलेला,
तेव्हा तो पाच कुठे गेला?
मी शोधला नाही, खरं सांगते.
दिवा लावल्यावर तो आपला परत आला,
साबणाच्या वडीवर एक केस दिसला
आणि पोटातून ढवळून आलं.

असं चार वेळा. चार माणसं.
केस, खाकरणं, ओला मोजा, दातात अडकलेली शेव.
किळसेनं मला प्रत्येक वेळी घरी आणून सोडलं,
साडेनऊच्या आत,
ओळखीच्या रिक्षावाल्यासारखं.
सुट्टे पैसेसुद्धा मागितले नाहीत.

पुढचा सिन्नरचा.
नाव खरं सांगितलं, निवृत्ती.
या कामाला हे नाव? मी हसले,
तोही हसला, बराच वेळ,
आणि उशीर झाला, सकाळ झाली.
गंगापूर रोडच्या गाडीवर त्यानं पेरू घेतला,
तिखटमीठ लावून,
अर्धा खाल्ला,
उरलेला माझ्यापुढे धरला, दातांच्या खुणांसकट.
मी वाट पाहिली.
पोटातून काहीच आलं नाही.
खाल्ला.

आणि मग भीती वाटली,
जी त्या चार खोल्यांत एकदाही वाटली नव्हती.
द्वारकेच्या सिग्नलला, लाल असतानाच,
त्याचा नंबर ब्लॉक केला.
बी दाढेत होती. दुपारपर्यंत होती.

केतकी वाट बघत होती.
ताई, या प्रश्नाला किती लिहू?
आधी तू हे विचार, मी म्हटलं,
दुसऱ्यानं खाल्लेला पेरू.
तिनं कागद वर-खाली पाहिला.
यादीत पेरू नाही, ताई.
मग रिकामं सोड, म्हटलं,
आणि हातमोजे चढवले.